वर्षाअखेरीचे गाणे

महाविद्यालयातील गायन-वादनाचा गट ही एक चमत्कारिक संस्था आहे. तिचे सभासद कुठे जरा तयार होऊ लागले, एकमेकांचा श्वास ओळखू लागले, की विद्यापीठाच्या नियमानुसार त्यांना बाहेर पडावे लागते. नाटकमंडळ्या फुटतात त्या मानापमानावरून किंवा पैशावरून. भजनी मंडळे टाळकरी म्हातारे होईपर्यंत टिकतात. विद्यार्थ्यांचा गट मात्र कुणाचे भांडण नसताना आणि कुणी म्हातारे झालेले नसताना दर तीन वर्षांत समूळ बदलतो. त्यामुळे असा गट वर्षाअखेरीस जो कार्यक्रम करतो त्याविषयी लिहायचे तर समीक्षेची नेहमीची मापे थोडी बाजूला ठेवावी लागतात. टिकाऊपणा हे ज्या मापांचे पहिले गमक, ती येथे फारशी उपयोगी पडत नाहीत.

हे लिहिणारे आम्ही तिघे-चौघे अशाच एका गटात होतो. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा या तालुक्याच्या गावी, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, आम्ही पदवीचे शिक्षण घेतले. पुढे वेगवेगळ्या गावांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकवू लागलो आणि ओघानेच तिथल्या सांस्कृतिक विभागाची कामेही आमच्या गळ्यात पडली. तेव्हा या लेखातला 'आम्ही' हा लेखकाने स्वतःला दिलेला मान नाही. तो खरोखरच अनेकवचनी आहे.

शिंदखेडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे, बुराई नदीच्या काठचे गाव. उत्तरेला तापी, पश्चिमेला दोंडाईच्याची मिरचीची बाजारपेठ, आणि मधे कापसाची व कोरडवाहू पिकांची जमीन. महाविद्यालयात येणारी बहुतेक मुले-मुली आसपासच्या खेड्यांतली. सकाळच्या एसटीने यायचे आणि दुपारच्या किंवा संध्याकाळच्या गाडीने परतायचे, हा त्यांचा दिनक्रम. तालमीची वेळ संगीताच्या सोयीने ठरत नसे. ती आगाराच्या वेळापत्रकावरून ठरे. त्यात ते दिवस भारनियमनाचे. वीज गेली की ध्वनिवर्धक मुका होई. पेटी, ढोलकी आणि गळा एवढेच काय ते उरत असे. आम्हांला आज वाटते की आमच्या गटाला एकमेकांचे ऐकण्याची सवय लागली ती या अंधाऱ्या खोलीमुळे. यंत्राने आवाज वाढवून मिळत नसेल तर शेजारच्याचा आवाज झाकू नये एवढे भान आपोआप येते.

वर्षात असे दोन प्रसंग येत. एक विद्यापीठाच्या युवक महोत्सवाचा आणि दुसरा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा, ज्याला सगळे 'गॅदरिंग' म्हणतात. दोन्हींचा स्वभाव वेगळा. युवक महोत्सवाला मोठी परंपरा आहे. १९५४ साली केंद्र सरकारने दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठीय युवक महोत्सव भरवला. पुढे ही जबाबदारी भारतीय विद्यापीठांच्या महासंघाकडे आली. आमच्या विद्यापीठाचा महोत्सव 'युवारंग' या नावाने ओळखला जातो. या स्पर्धांतल्या भारतीय समूहगानाचे नियम आम्हांला अजून पाठ आहेत : गायक जास्तीत जास्त सहा, साथीदार तीन, वेळ दहा मिनिटे, दोन गीते, त्यांतले एक हिंदी किंवा संस्कृत आणि दुसरे प्रादेशिक भाषेतले चालते, चित्रपटगीत चालत नाही. गॅदरिंगला असे नियमच नव्हते. तेथे सहाचे वीस होत. स्पर्धेसाठी ज्यांना वगळावे लागले ते सगळे शेवटच्या गाण्याला रंगमंचावर उभे राहत. बेसूर गाणाऱ्यालाही मागच्या रांगेत जागा असे आणि त्याने मोठ्याने गाऊ नये हे त्याला न दुखावता सांगण्याचे कसब आमच्या संगीत मार्गदर्शकांकडे होते.

समूहगान हा शब्द आपल्याला वाटतो तितका आपला नाही, हे तालमीतच लक्षात आले. आपल्याकडे अनेकांनी मिळून गाण्याची परंपरा उदंड आहे : आरती, भजन, जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी. मात्र या सर्व प्रकारांत सगळे एकच चाल एकाच सुरात म्हणतात, किंवा एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी मागे म्हणायचे. वेगवेगळ्या आवाजांना वेगवेगळ्या चाली देऊन त्या एका वेळी गाणे ही कल्पना आपल्या समूहगानात बरीच उशिरा आली. सलील चौधरी यांनी १९५० च्या दशकात मुंबईत उभा केलेला 'बॉम्बे युथ कॉयर' हे तिचे ठळक उदाहरण. तालुक्याच्या ठिकाणी ही कल्पना पोचली ती स्पर्धांच्या वाटेने. कुणीतरी कुठल्या तरी महोत्सवात ऐकून आलेले असे.

आमच्यासाठी तिचे कारण अगदी व्यावहारिक होते. मुलगे काळी एक-दोनमध्ये गाणार आणि मुली काळी चार-पाचमध्ये; दोघांनी एकच चाल एकत्र म्हणायची तर कुणाचा तरी गळा अडायचा. मुलींना खर्जात घुसमटावे लागे किंवा मुलांना तारसप्तकात ओरडावे लागे. मग मार्गदर्शकांनी तोडगा काढला. मूळ चाल मुलींची. मुलांनी तिच्याखाली एक साधा, फारसा न हलणारा सूर धरायचा आणि ओळ संपताना चालीला येऊन मिळायचे. आम्ही त्याला 'खालचा सूर' म्हणत असू. संगीतशास्त्रात त्याला काय म्हणतात ते पुढे कळले. त्या वेळी एवढेच कळले होते की गाणे अचानक रुंद झाले आहे.

ज्या गाण्याला हा खालचा सूर लावला ते कानबाईचे होते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खान्देशात घरोघर कानबाई बसते. श्रीफळाला साजशृंगार करून तिची स्थापना होते, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी विसर्जन होते. आमच्यातल्या एका मुलीला आजीकडून आलेली अशी पुष्कळ गाणी येत होती. त्यांतले एक आम्ही स्पर्धेसाठी निवडले. रात्रभर चालणारी गाणी दहा मिनिटांत दोन या हिशेबात बसवायची, म्हणजे कडव्यांमागून कडवी गाळायची. शिवाय बायकांच्या गाण्यात मुलगे शिरणार. आणि सर्वांत अवघड प्रश्न त्या आजीनेच विचारला : कानबाई बसलेली नसताना तिचे गाणे म्हणतात का? लोकसाहित्याच्या तासाला आम्ही संदर्भापासून तुटलेल्या लोकगीताविषयी उत्तरे लिहीत होतो. तो प्रश्न इतक्या सरळपणे कुठल्याही पुस्तकाने विचारला नव्हता. त्या मुलीने स्वतःच वाट काढली. गॅदरिंगच्या दिवशी तिने पेटीशेजारी फडक्यात गुंडाळलेला एक नारळ ठेवला. प्रेक्षकांना तो दिसला नाही. गाणे संपल्यावर ती तो घरी घेऊन गेली.

दुसरा प्रश्न भाषेचा होता, आणि त्याची धग आम्हांला अध्यापक झाल्यावर अधिक जाणवते. घरात आम्ही अहिराणी बोलत होतो आणि वर्गात ती टाळत होतो. 'आहे'च्या जागी 'शे' निघून गेले की वर्गात हशा पिके. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो. शाळेतली आमची निम्मी वर्षे जीभ वळवून 'ळ' उच्चारायला शिकण्यात गेली. आणि गटात आम्हांला उलटे आढळले. 'ळ'पाशी जीभ मागे वळते आणि स्वर क्षणभर अडतो. 'य' स्वराला वाट करून देतो, चाल न तुटता पुढे सरकते. 'आहे' ही दोन अक्षरे. 'शे' हे एकच, आणि त्यातला 'ए' हवा तितका लांबवता येतो. ओळीच्या शेवटी वीस जणांनी तो 'ए' एकत्र धरला की सभागृह भरून जाई. जी लकब वर्गात चूक ठरत होती तीच गाण्यात सोय होती. भाषाविज्ञानाचा हा पाठ आम्ही पेटीपाशी बसून शिकलो.

तरीही सगळे सुरळीत झाले असे नाही. एका स्पर्धेत परीक्षकांनी आमच्या गाण्याचे कौतुक केले आणि शेवटी 'उच्चार थोडे शुद्ध हवे होते' असा शेरा दिला. अहिराणी गाण्यातले शुद्ध उच्चार म्हणजे काय, हे विचारण्याचे धाडस आमच्यात नव्हते. आज आम्हांला त्या शेऱ्याचा राग येत नाही, कारण तो एका माणसाचा नव्हता. शाळा, पाठ्यपुस्तके आणि आम्ही स्वतः तो रोज देत होतो. वर्गात जिला हसायचे तिलाच रंगमंचावर टाळ्या द्यायच्या, हा दुटप्पीपणा महाविद्यालयीन सांस्कृतिक जीवनाच्या मुळाशी आहे. लोकगीत म्हणून बोली चालते. उत्तरपत्रिकेत चालत नाही. पोशाखाबरोबर ती अंगावर चढते आणि पोशाखाबरोबर उतरते.

या संदर्भात आमच्या विद्यापीठाच्या नावाकडे पाहावेसे वाटते. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाई १८८० साली असोद्याला जन्मल्या आणि १९५१ साली वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, जपलेली त्यांची रचना १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. आपण ती कविता म्हणून शिकवतो. पुस्तकाच्या नावात मात्र 'गाणी' हा शब्द आहे. आमच्या गटाने बहिणाबाई गायच्या ठरवल्या तेव्हा एक गंमत झाली. शिंदखेड्याच्या मुलांना वाटले होते की ही आपलीच भाषा. पण ती जळगावकडची लेवा बोली. क्रियापदे वेगळी, हेल वेगळा. १९०६ साली इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, परंतु बोलींनी आपल्या सीमा त्याआधीच आखून ठेवल्या होत्या. 'ळ'चा 'य' मात्र दोन्हींकडे होता, आणि त्या एका अक्षराच्या आधाराने आम्ही शेजारच्या बोलीत शिरलो. छापील पानावर जो 'य' अपभ्रंशासारखा दिसत होता तो गाताना आम्हांला ओळखीचा निघाला.

त्याच १८८० सालच्या उन्हाळ्यात दूर युरोपात योहानेस ब्राह्म्स हा संगीतकार एका विद्यापीठासाठी रचना करीत होता. ब्रेस्लाउच्या विद्यापीठाने त्याला आदल्या वर्षी मानद डॉक्टरेट दिली होती. त्याची परतफेड म्हणून त्याने जी रचना केली तिला 'अकॅडेमिक फेस्टिव्हल ओव्हर्चर' असे भारदस्त नाव दिले, पण तिच्या आत भरली ती विद्यार्थ्यांनी मद्यपानाच्या बैठकींत म्हणायची गाणी. ४ जानेवारी १८८१ रोजी त्याने स्वतः ती ब्रेस्लाउला वाजवून घेतली आणि प्राध्यापकवर्गाला विद्यार्थ्यांच्या गुत्त्यातली गाणी पूर्ण वाद्यवृंदाच्या थाटात ऐकावी लागली. शेवटी येते ते 'गाउदेआमुस', जे युरोपातल्या विद्यापीठांत आजही गायिले जाते. परंतु आम्हांला अधिक जवळचे वाटते ते या रचनेत आधी येणारे गाणे. येना येथील विद्यार्थ्यांची संघटना १८१९ साली बरखास्त करावी लागली तेव्हा तिच्या निरोपासाठी ते लिहिले गेले होते. मिळून बांधलेल्या आणि मोडून पडलेल्या घराविषयी ते आहे. संघटना उरली नाही. तिच्या मोडण्याचे गाणे साठ वर्षांनी समारंभाच्या संगीतात येऊन बसले.

विद्यापीठ आणि विद्यार्थ्यांचे गाणे यांचे नाते कसे असते ते येथे दिसते. विद्यापीठ पदवी देते, गाणी विद्यार्थी घरून घेऊन येतात. कधी ती गुत्त्यातून येतात, कधी कानबाईच्या जागरणातून. संस्था त्यांना दहा मिनिटांची चौकट देते, पोशाख देते, चषक देते. आणि कधीतरी, चुकून म्हणा, त्या चौकटीत एखादी नवी गोष्ट घडते जी ना घरात घडली असती ना वर्गात.

वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात खरोखर काय पणाला लागलेले असते, हे मुलींना विचारावे. मुलांचे गाणे पुढे कुठेतरी चालू राहते. लग्नाच्या बँडमध्ये, गणेशमंडळात, भजनात, अलीकडे यूट्यूबवर. आमच्या वेळच्या बहुतेक मुलींसाठी मात्र गॅदरिंगचे व्यासपीठ हे पहिलेही होते आणि शेवटचेही. तृतीय वर्षाच्या परीक्षा झाल्या की वैशाखात लग्ने. म्हणून शेवटचे गाणे कोणते घ्यायचे हा निर्णय आमच्या गटात तृतीय वर्षाच्या मुली घेत, आणि त्यावर कुणी वाद घालत नसे. त्या दिवशी दुपार कलू लागली की मागच्या रांगांतून चुळबुळ सुरू होई. खेड्यांकडे जाणारी मुक्कामी गाडी चुकली तर रात्र काढायची कुठे? टाळ्या पुऱ्या होण्याआधीच निम्मे गायक पिशव्या उचलून स्थानकाकडे निघालेले असत. 'वन्स मोअर' मिळाल्याचे आम्हांला आठवते. तो घेतल्याचे आठवत नाही.

कानबाईचे गाणे ज्या मुलीने आणले तिचेही लग्न त्याच वर्षी झाले आणि ती सुरतेला गेली. खान्देशातून सुरतेला जाणे यात नवल नाही. त्या लोहमार्गाने गेली कित्येक वर्षे माणसे कामासाठी जात आहेत, आणि लिंबायत-उधना भागांत खान्देशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथेही श्रावणात कानबाई बसते. पुष्कळ वर्षांनी आमच्यातला एक जण नातेवाइकांकडे त्या रात्री मुक्कामाला होता. शेजारच्या घरातून ओळखीची चाल ऐकू आली आणि तिच्याखाली दुसरा, न हलणारा सूर. आठ-दहा बायका गात होत्या. त्यांतल्या तीन-चार जणी खालचा सूर धरून होत्या आणि ओळ संपताना चालीला येऊन मिळत होत्या. त्याने चौकशी केली तेव्हा घरातल्या बाईंनी सांगितले, हे असेच म्हणतात, आमच्या गल्लीत पहिल्यापासून असेच आहे.

या 'पहिल्यापासून' शब्दावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. परंपरा म्हणजे ज्याचा आरंभ विसरला गेला आहे अशी गोष्ट, असे मानले तर आमच्या गटाचा तोडगा आता परंपरा झाला आहे. मुलग्यांचे गळे मुलींच्या पट्टीत जात नव्हते म्हणून शोधलेली युक्ती, जिथे मुलगे गातच नाहीत अशा जागरणात जाऊन राहिली. लोकगीत रंगमंचावर आणले की ते मरते, असे आम्हीच एकेकाळी प्रबंधिकेत लिहिले होते. या गाण्याने रंगमंचावरून काहीतरी उचलले आणि ते परत घरी नेले. त्याचे श्रेय गटाला नाही, महाविद्यालयाला तर नाहीच. ते एका मुलीच्या स्मरणाला आहे. मात्र गट नसता, त्या दोन पट्ट्यांची अडचण नसती, तर स्मरणात ठेवण्यासारखे ते काही घडलेच नसते.

आता परिस्थिती बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सह-अभ्यासक्रमांतर्गत प्रयोगकलांना श्रेयांक मिळू लागले आहेत. गाणे आता गुणपत्रिकेत आले आहे. प्रत्येकाच्या हातात दूरध्वनी असल्याने गॅदरिंगचे शेवटचे गाणे त्याच संध्याकाळी गावभर फिरते. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर लाखो श्रोते मिळतात आणि ज्या बोलीला वर्गात हसू होते तिच्यात आज काही जणांचा चरितार्थ आहे. हे चांगलेच झाले. मात्र श्रेयांकासाठी गाणाऱ्यांच्या यादीत मागच्या रांगेतला बेसूर मुलगा बसणार का, याची आम्हांला काळजी वाटते. त्याचे मूल्यमापन कोण आणि कशाचे करणार? सुराचे केले तर तो नापास होईल. आणि तो नसेल तर सहाचे वीस कसे होणार?

साहित्याच्या अध्यापकांनी या कार्यक्रमांकडे अधिक लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते ते एवढ्यासाठीच. फेब्रुवारीत वर्ग रिकामे पडतात, मुले तालमीला जातात, आणि आपण अभ्यासक्रम राहिला म्हणून कुरकुरतो. त्या तालमीच्या खोलीत एक वही असते. आमच्या गटात होती. आजही बहुतेक गटांत असते. तिच्यात सात-आठ वर्षांच्या गाण्यांचे शब्द वेगवेगळ्या हस्ताक्षरांत उतरवलेले असतात. अहिराणीचे ठरलेले शुद्धलेखन नसल्याने एकच शब्द तीन पानांवर तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. खान्देशात रात्र-रात्र चालणाऱ्या एका लोकगायनप्रकाराचेही नाव 'वही' हेच आहे, हा निव्वळ योगायोग. पण विद्यार्थ्यांना तो सांगितला की ते हसतात आणि पान उलटतात. जाणाऱ्याने ती वही पुढच्या वर्षाच्या मुलाच्या हाती द्यायची असते. त्यात चाल लिहिलेली नसते. ती कुणीतरी म्हणून दाखवावी लागते, आणि म्हणून दाखवणारा मे महिन्यानंतर गावात नसतो. त्यामुळे जे काही द्यायचे ते परीक्षांच्या आधीच्या त्या दोन-तीन आठवड्यांतच द्यावे लागते.